टाळ्यांच्या आधी

व्यसनमुक्ती केंद्रातल्या एका गटसभेसाठी मी हेरॉइनवरची दोन रॉक गाणी निवडली होती. व्हेल्वेट अंडरग्राउंड या बँडच्या १९६७ मधल्या ‘हेरॉइन’मध्ये गाणारा नशेचा निषेधही करत नाही आणि भलामणही करत नाही, त्यामुळे ते मला जोखमीचे वाटले आणि मी त्याचे केवळ शब्द छापून वाटले. गायक नील यंगचे ‘द नीडल अँड द डॅमेज डन’ मात्र सरळसरळ शोकगीत आहे. हेरॉइनने पोखरलेल्या संगीतकारांविषयीचे, आणि त्यांतला एक, त्याचा साथीदार डॅनी व्हिटन, हे गाणे ‘हार्वेस्ट’ अल्बममध्ये आले त्याच वर्षी, १९७२ मध्ये, वारला. ते ऐकवायला काय हरकत, असा माझा हिशेब होता.

गाणे जेमतेम दोन मिनिटांचे, एकट्या गिटारवरचे. पहिले कडवे संपायच्या आत माझे लक्ष कोपऱ्यातल्या एका तरुणाकडे गेले. पूर्वी मंचावर गिटार वाजवणाऱ्या आणि पाच आठवडे नशेपासून दूर असलेल्या त्या तरुणाचा उजवा अंगठा डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला, शर्टाच्या बाहीवरूनच, एकच जागा दाबत होता. हे ध्वनिमुद्रण प्रत्यक्ष कार्यक्रमातले असल्यामुळे शेवटी टाळ्या येतात; त्या सुरू होताच तो उठून बाहेर गेला.

व्हरांड्यात तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “सर, शब्द बरोबरच आहेत. पण सुई म्हटलं की आधी हाताला आठवतं, डोक्याला मागून कळतं. आणि टाळ्या... टाळ्या चालू असतानाच मी मागच्या खोलीत जायचो.”

मी त्याला न ऐकवलेल्या ‘हेरॉइन’बद्दल विचारले. त्यावर तो चक्क हसला. “ते फसवत तरी नाही. लय चढत जाते, आणि एका जागी ड्रम अचानक थांबतात. तिथं मला दर वेळी धस्स व्हायचं.”

गाणे व्यसनाच्या बाजूचे की विरोधातले, एवढेच मी तपासले होते. ऐकणाऱ्याने ते कुठे आणि कोणत्या अवस्थेत ऐकले असेल, हा प्रश्न मला सुचलाच नव्हता, आणि तलफ कशाकशाने जागी होते हे शिकवण्याचे तर माझे काम. तलफ ओसरेपर्यंत आम्ही तिथेच बसलो. आत जाताना त्याने माझ्या हातातला कागद घेतला आणि नील यंगच्या गाण्यापुढे पेन्सिलीने लिहिले : टाळ्यांच्या आधी बंद करा.