सेम थ्रीत ओपन इलेक्टिव्ह बदलून घेतला, त्याचा माझा अनुभव

मी एसवाय बीएस्सीला आहे, मेजर केमिस्ट्री, पुण्यातल्याच एका ऑटोनॉमस कॉलेजात. सेम थ्री सुरू झालं, सगळं सुरळीत चाललं होतं आणि मग सुधारित टाइमटेबल लागलं. त्यात आमच्या बॅचचं प्रॅक्टिकल गुरुवारी दुपारी गेलं, आणि माझ्या ओईची, म्हणजे ओपन इलेक्टिव्हची, दोन्ही लेक्चर्स पण गुरुवारी दुपारीच, जोडून. ओई मी कॉमर्सचा घेतला होता, पर्सनल फायनान्स. एनईपीत, म्हणजे नव्या शैक्षणिक धोरणात, ओई आपल्या मेजरच्या फॅकल्टीबाहेरचाच घ्यावा लागतो ना, त्यामुळे कॉमर्सवाल्यांना आमच्या बॅचेस माहीत नसतात आणि आमच्या डिपार्टमेंटला त्यांचं टाइमटेबल माहीत नसतं, क्लॅश झाला की तो फक्त त्या एका मुलाला किंवा मुलीला दिसतो, बाकी कुणालाच नाही.

प्रॅक्टिकल असं मध्येच येऊन का बसतं तेही सांगते. थिअरीच्या एका क्रेडिटला सेमिस्टरभरात १५ तास धरतात आणि प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३०. म्हणजे दोन क्रेडिटच्या प्रॅक्टिकलचे ६० तास, १५ आठवड्यांत बसवायचे तर आठवड्याला चार तास, आणि लॅबमध्ये ते सलगच लागतात कारण टायट्रेशन अर्ध्यावर ठेवून कोण उठणार. एक अख्खी दुपार जाते. ओईला जायचं तर प्रॅक्टिकल बुडतं, प्रॅक्टिकलला बसायचं तर ओईची हजेरी शून्य, आणि ७५ टक्के तर दोन्हीकडे पाहिजे.

मैत्रिणी म्हणाल्या, अगं दोनच क्रेडिटचा आहे, दे सोडून, एटीकेटीत, म्हणजे राहिलेला विषय परत देऊन, काढ पुढे. मी त्या रात्री अभ्यासिकेत बसून हिशोब केला आणि मला ते अजिबात पटलं नाही. आमचं सेम २२ क्रेडिटचं. समजा बाकीच्या २० क्रेडिटना सरासरी ८ ग्रेड पॉइंट पडले तर १६० होतात, पण भागायचं २२ नेच, कारण नापास विषयाचा ग्रेड पॉइंट शून्य धरतात, क्रेडिट मात्र खाली मोजतातच. १६० भागिले २२, म्हणजे ७.२७. ओईत पण ८ पडले असते तर एसजीपीए, म्हणजे सेमची सरासरी, सरळ ८ आला असता. दोन क्रेडिटसाठी पाऊण पॉइंट जातो! शिवाय सेम फोरचे स्वतःचे २२ आणि वर हे दोन. पुढच्या सेमची परीक्षा आणि बॅकलॉगचा पेपर सोबत, त्यात मी संध्याकाळी कोथरूडला ट्यूशन्स घेते, ते सोडणं घरच्या दृष्टीने शक्य नाही.

मग डोक्यात आलं की क्रेडिटच भरायचे आहेत तर दुसरीकडून भरू, एखादा जास्तीचा स्किलचा कोर्स घेऊ. तेही चालत नाही. शासनाच्या २० एप्रिल २०२३ च्या जीआरमध्ये सेमिस्टरला २० ते २२ क्रेडिट सांगितलेत, पण ते मेजर, मायनर, ओई, स्किल, भाषा असे वेगवेगळ्या खान्यांत वाटलेले आहेत आणि ओईचा खाना ओईनेच भरतो. नुसतं वर्गात बसून ऑडिट करण्याचाही उपयोग नव्हता, ऑडिटला क्रेडिटच नाहीत.

स्वयमचा, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलचा, पर्याय मात्र मी गंभीरपणे तपासला. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सेममधले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून करता येतात. त्यावरच्या एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटीवाल्यांचा, आठ आठवड्यांचा कोर्स दोन क्रेडिटचा धरतात, शिकणं फुकट, परीक्षेचे हजार रुपये, असाइनमेंटला २५ आणि सेंटरवर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५ मार्क. असाइनमेंटला २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० मिळाले की सर्टिफिकेट. चांगली सोय आहे, खरंच. पण तो कोर्स आपल्या ओईच्या जागी चालेल अशी मान्यता कॉलेजकडून आधी लेखी घ्यावी लागते, आणि तिकडचा निकाल आपल्या निकालाच्या वेळेत आला नाही तर मार्कशीटवर तोवर तो विषय अडकलेला दिसतो. मला स्कॉलरशिपसाठी मार्कशीट वेळेत हवी होती म्हणून हा रस्ता मी दुसऱ्या नंबरवर ठेवला.

राहिलं ओई बदलणं. शनिवारी सकाळी मानसशास्त्राची ओळख करून देणारा एक ओई होता, तो माझ्या कशातच आडवा येत नव्हता. ऑफिसमध्ये गेले तर खिडकीवरचे काका म्हणाले, पोर्टल बंद झालंय, आता काही होणार नाही. मी म्हटलं काका, पोर्टल बंद झालं तेव्हा क्लॅश नव्हताच, टाइमटेबल नंतर बदललंय. ते म्हणाले मला काय सांगतेस, एचओडींना सांग. एचओडी म्हणाल्या कॉमर्सकडून एनओसी आण, कॉमर्सचे सर म्हणाले आधी तुमच्या डिपार्टमेंटचं पत्र आण. आणि वर गणपती तोंडावर आलेले, म्हणजे एकदा सुट्टी लागली की पेठांतले रस्ते बंद आणि कॉलेजही बंद, नंतर कोण ऐकणार.

गाठ सोडवली ती आमच्या लॅबमधल्या मामांनी. ते म्हणाले, बाळ, तोंडी फिरू नकोस, अर्ज लिही आणि आवक नंबर घे, नंबर पडला की कागद कुणाला तरी हलवावाच लागतो. मग मी अर्ज लिहिला, प्राचार्यांच्या नावे, एनईपी कोऑर्डिनेटर मॅडममार्फत. त्यात रडगाणं अजिबात नाही. पहिलं टाइमटेबल अमुक तारखेचं, सुधारित अमुक तारखेचं, ओई बदलायची मुदत या दोन्हींच्या मध्ये संपली, सबब क्लॅश विद्यार्थ्यामुळे झालेला नाही. दोन्ही टाइमटेबलच्या झेरॉक्स जोडल्या, गुरुवारच्या रकान्याला गोल केला, नवीन ओईचं नाव, कोड, वार, वेळ लिहिली, त्या वर्गात जागा शिल्लक आहे अशी तिथल्या मॅडमची सही घेतली आणि शेवटी लिहिलं की हे शक्य नसल्यास प्रॅक्टिकलची बॅच बदलून मिळावी.

कोऑर्डिनेटर मॅडमनी अर्ज पूर्ण वाचला आणि विचारलं, अजून किती जणांचं असं झालंय? माझ्या बॅचमधली आणखी काही मुलं निघाली, ती गप्प बसून ओई बुडवत होती!! मॅडमनी आमच्या सगळ्यांसाठी एकच नोट तयार केली आणि सुट्टी लागायच्या आत बदल मंजूर झाला, नव्या ओईची हजेरी मंजुरीच्या तारखेपासून धरायची असंही त्यात लिहून घेतलं. हे वाक्य फार महत्त्वाचं, नाहीतर मागच्या लेक्चर्सची गैरहजेरी डोक्यावर बसली असती. त्या मॅडमबद्दल मला मनापासून आदर आहे.

एवढ्यावर संपलं नाही. परीक्षेचा फॉर्म उघडला तर त्यात जुन्याच ओईचा कोड! मंजुरी कागदावर झाली होती, सिस्टिममध्ये कुणी चढवलीच नव्हती. तसाच फॉर्म भरला असता तर हॉलतिकीट पर्सनल फायनान्सचं आलं असतं आणि मानसशास्त्राचे इंटर्नल मार्क कुठेच जोडले गेले नसते. आवक नंबर असलेली मंजुरीची प्रत माझ्या फाइलीत होतीच, ती घेऊन परीक्षा विभागात गेले, कोड बदलून घेतला, मगच फी भरली. बाकीच्यांनाही ग्रुपवर कळवलं, प्रत्येकाचा तोच घोळ होता.

निकालात ओईला ए ग्रेड आला, एसजीपीए ८ च्या वर. डिजीलॉकरमधून एबीसीत, म्हणजे क्रेडिट जमा होतात त्या अकॅडमिक बँकेत, बघितलं तर क्रेडिट दिसायला निकालानंतर बरेच दिवस लागले, पण २२ च्या २२ जमा झालेत आणि ओईच्या पुढे नवीन कोड आहे.