मागितलं पीक फ्लो मीटर, हातात आलं तीन बॉलचं मशीन

मला लहानपणापासून दमा आहे. कोल्हापूरच्या आसपास ऊसतोड सुरू झाली की शिवारात पाचट पेटतं आणि रात्री माझी छाती भरून येते. दिवाळीनंतर डॉक्टर म्हणाले, "बरं वाटतंय का, हे अंदाजानं सांगू नका. पीक फ्लो मीटर घ्या, म्हणजे फुंकल्यावर हवा किती जोरात बाहेर पडते ते मोजायचं यंत्र. सकाळ-संध्याकाळ फुंका, आकडा लिहून ठेवा." तपासणी, औषध ओढायचा पंप, गोळ्या-औषधं, सगळं झटक्यात झालं. अडलं ते मेडिकलमध्ये.

राजारामपुरीतल्या एका दुकानात चिठ्ठी दाखवली. त्यांनी तीन नळ्यांचं, आत तीन बॉल असलेलं मशीन काउंटरवर ठेवलं. "मीटर म्हणजे काटा असेल ना?" मी विचारलं.

"ताई, आकडे आहेत की ह्यावर. फुफ्फुसाचं हेच असतंय, सगळी हेच नेत्यात."

आकडे होते खरे: 600, 900, 1200. नळी तोंडात धरून श्वास ओढला की बॉल वर जायचे. सोळा दिवस मी वहीत 'तिन्ही वर' असं लिहीत राहिले. त्याच सोळा दिवसांत दोनदा रात्री खोकत उठून बसले, जिन्यात मध्येच थांबले. पण बॉल वर जातायत म्हणजे फुफ्फुस ठणठणीत, अशी समजूत करून घेतली. त्या सोळा दिवसांचा राग अजून गेलेला नाही.

वही बघून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "हे ऑपरेशननंतर फुफ्फुसं फुलवायला देतात. यात श्वास आत ओढायचा असतो. दम्यात श्वासनळ्या आकसतात आणि हवा बाहेर पडताना अडते. ते बॉलना कसं कळणार?" त्यांनी आधी औषध वाढवलं.

दुकानदार म्हणाला, तोंड लावलेलं परत घेत नाही. मग शाहूपुरी, लक्ष्मीपुरी पालथी घातली. तीन ठिकाणी पुन्हा तेच बॉलचं खोकं पुढे आलं. चौथ्यानं "परवा या" म्हणून आठ दिवस फिरवलं. शेवटी मिळालं ते वीतभर प्लॅस्टिकचं साधं नळकांडं: वर 60 ते 800 आकडे आणि एक छोटा लाल काटा. एवढ्याशा वस्तूसाठी एवढी पायपीट! म्हणून दुकानात नाव सांगून थांबू नका. विचारा: फुंकायचं की ओढायचं? फुंकायचं असेल तरच घ्या.

काटा खाली आणायचा, उभं राहायचं, छाती भरून श्वास घ्यायचा, ओठ घट्ट मिटून एका झटक्यात जोरात फुंकायचं. तीनदा. तिन्हींतला मोठा आकडा लिहायचा, सरासरी नाही. पंप घेण्याआधी फुंकायचं, हे मी पहिले दोन दिवस विसरले. बोट काट्याच्या खाचेवर आलं तर काटा अडतो, तेही बघा.

दमा आटोक्यात आल्यावर दोन आठवडे रोज फुंकलं. माझा सर्वांत चांगला आकडा 400 निघाला. डॉक्टरांनी त्यावरून कागद करून दिला: 320 च्या वर हिरवं, 200 ते 320 पिवळं, 200 च्या खाली लाल, म्हणजे लगेच पंप आणि तडक दवाखाना. दुसऱ्या कुणाचा आकडा आपल्याला लावायचा नाही. वय, उंचीप्रमाणे तो बदलतो. मीटरही शक्यतो एकच ठेवा, दोन मीटरचे आकडे जुळतीलच असं नाही.

जानेवारीत एका पहाटे मला बरंच वाटत होतं. फुंकलं तर काटा 290 वर थांबला. पुन्हा फुंकलं, 280. कागदावर पिवळ्यासमोर लिहिलं होतं तसं केलं आणि डॉक्टरांना फोन लावला. चौथ्या दिवशी 370 आलं. यावेळी रात्री उठून बसावं लागलं नाही.