कॉमर्सच्या पोराला इतिहास कशाला?

नव्या शैक्षणिक धोरणातल्या ओपन इलेक्टिव्हवरून सध्या घरोघरी जी कुरकुर चालू आहे (‘सक्ती कशाला, आणि शिकवतात तरी कुठे नीट?’), त्यातली निम्मी मला पटते. नियम साधा आहे: मेजर, म्हणजे मुख्य विषय, ज्या विद्याशाखेचा, तिच्या बाहेरचा विषय घ्यायचा. तीन वर्षांच्या पदवीतल्या 120 ते 132 क्रेडिटपैकी 10-12 क्रेडिट यात जातात. माझा भाचा बी.कॉम.ला आहे, सीएचीही तयारी करतोय. त्याने इतिहास घेतला, कारण ‘मार्क सुटतात’ असं कुणीतरी सांगितलं. "मावशी, मला ऑडिट करायचंय गं, त्या प्राचीन राजाचं, नहपानाचं काय करू?"

नहपानाचंच ऑडिट कर, म्हटलं.

आपण नाशिककर पांडवलेण्यावर व्यायामाला चढतो, फोटो काढतो, उतरून मिसळ खातो. तिथल्या 10 नंबरच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. भाषांतर मिळतं, ते समोर ठेवलं. त्याने बौद्ध भिक्खूंच्या संघासाठी 3000 कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, कायमची ठेव म्हणून दिले. पैसे ठेवले गोवर्धन गावातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघटनांकडे: एकीकडे 2000, दरमहा शेकडा 1 व्याजाने, दुसरीकडे 1000, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. आमच्या ट्रस्टवाल्या क्लायंटांना हे एवढं समजावताना मला घाम फुटतो!

आता 2000 वर महिन्याला 20, म्हणजे वर्षाला 240. लेखातच पुढे म्हटलंय की पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या 20 भिक्खूंना चिवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी, प्रत्येकी 12 द्यायचे. वीस बारं 240. टॅली. शिवाय हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, जाहीर करून दप्तरी नोंदवलेलं. भाच्याने मोबाइलवर पुन्हा गुणाकार करून पाहिला, मग विचारलं, "दोन्हीकडे विणकरच, मग एकीला 12 टक्के आणि दुसरीला 9 का?" पत? धंद्याचा आकार? आम्ही जेवणाची ताटं वाढेपर्यंत भांडलो.

त्याच्या नोट्समध्ये या सगळ्यावर एकच ओळ होती: ‘उषवदाताने दाने दिली.’ कुरकुरीतली मला पटणारी निम्मी ती हीच. दोन तुकड्या एकत्र बसवायच्या, शेवटचा तास द्यायचा, व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ टाकायची, की झालं इलेक्टिव्ह.

पण सक्तीच नको, हे मात्र मला मान्य नाही. अठराव्या वर्षी आपल्याला काय लागणार हे कुणाला कळतं? मला तरी कळलं नव्हतं. दहावीनंतर कॉमर्स घेतलं आणि बाकीची दारं आपोआप बंद झाली. सामान्य शिक्षण पदवीत हवं, हे राधाकृष्णन आयोगाने 1949 मध्येच सांगितलं होतं. म्हणजे ही कल्पना काही कालची नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की इतिहासाच्या सरांनी कॉमर्सच्या पोरांना ‘नहपानाचे कार्य’ विचारू नये. उषवदाताच्या ठेवीचा ताळा करायला लावावा, आणि व्याजदरातल्या फरकाला निम्मे मार्क ठेवावेत.