तुम्ही विचारलंत म्हणून: कंसातली बारा वचने

‘बायबलची इतकी चिरफाड केल्यावर तुम्हाला प्रार्थना तरी कशी करवते?’ उपासना संपली की चर्चच्या पायरीवर कुणीतरी हे विचारतेच, आणि त्या आवाजात काळजीपेक्षा उलटतपासणीच अधिक असते. तुम्ही विचारलेत म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

चिकित्सेने श्रद्धा जात नाही, हे माझे ठरलेले उत्तर. हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ संहितेशी झुंजणाऱ्या, ज्यांचे मराठी बायबल मृत्यूनंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले, त्या पंडिता रमाबाईंना कोणी अश्रद्ध म्हणते का, असेही मी वर सुनावतो. उत्तर खोटे नाही; पण ते देताना मी एक संध्याकाळ दडवून ठेवतो.

सेमिनरीतून, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या धर्मविद्यालयातून, नुकताच परतलो होतो. उपवासकाळातल्या एका घरगुती प्रार्थनासभेत योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय निघाला: व्यभिचाराच्या आरोपाखाली ओढून आणलेली स्त्री, तिला दगडमार व्हावा म्हणून टपलेले पुरुष, आणि वाकून बोटाने जमिनीवर लिहिणारा, शेवटी तिला दोषी न ठरवता जाऊ देणारा येशू. मी हिरिरीने सांगितले की ही बारा वचने बायबलच्या चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन या जुन्या हस्तलिखितांत नाहीत, काही हस्तलिखितांत ती चक्क लूकच्या शुभवर्तमानात आहेत, आणि म्हणूनच ती कंसात छापतात. समोर सतरंजीवर एक मावशी बसल्या होत्या; नवऱ्याने त्यांना संशयावरून घराबाहेर काढले होते. त्यांच्या बायबलमधल्या त्या पानाचा कोपरा हाताळून हाताळून कापडासारखा मऊ पडला होता. कंसावर बोट ठेवून त्यांनी विचारले, ‘मग हे पान फाडायचं का, भाऊ?’

मी घाईघाईने संत ऑगस्टीनला, चर्चच्या सुरुवातीच्या शतकांतल्या त्या थोर धर्मपंडिताला, मदतीला बोलावले. बायकांना मोकळे रान मिळेल या भीतीने काही पुरुषांनीच हा उतारा गाळला, असा त्याचा संशय होता. मावशींचा चेहरा उजळला. ‘हे आधी सांगायचं होतं,’ त्या म्हणाल्या. आजचे बहुतेक अभ्यासक ऑगस्टीनचे म्हणणे मानत नाहीत, हे मला ठाऊक होते. ते मी गिळले.

सेमिनरीतला तो तरुण अजून मला टोचतो की तू सत्य अर्धेच सांगितलेस. मी त्याला विचारतो, त्या सतरंजीसमोर तुला पूर्ण सत्य सांगायचे होते, की आपले शिक्षण मिरवायचे होते? दोघांपैकी कोणीच माघार घेत नाही.

गेल्या वर्षी मावशी वारल्या. अंत्यविधीत वाचन करायला घरच्यांनी मला सांगितले, तेव्हा मी त्यांचेच बायबल घेऊन तेच पान उघडले आणि कंसाबद्दल अवाक्षर काढले नाही. प्रार्थना झाली का म्हणाल, तर झाली. पण वाचताना माझी नजर कंसावरच होती.