अमरनाथ एका दिवसात: चालणं जमलं, सर्टिफिकेटने दमवलं

पायथ्याच्या बालटालहून अमरनाथची गुहा 14 किलोमीटर, तेवढंच परत, हे सगळं एका दिवसात. मी, दादा आणि वहिनी, तिघंही पन्नाशीच्या पुढचे, आणि जमलं आम्हाला. त्याचं कौतुक नंतर सांगते. आधी त्या हेल्थ सर्टिफिकेटचं सांगते कारण अजून डोक्यातून गेलं नाहीये.

नियम असा की श्राइन बोर्ड (यात्रेची व्यवस्था बघणारं मंडळ) दरवर्षी प्रत्येक राज्यातल्या ठरावीक दवाखान्यांची आणि डॉक्टरांची यादी वेबसाइटवर टाकतं, त्यांच्यातल्याच कुणाकडून ठरलेल्या नमुन्यावर सर्टिफिकेट घ्यायचं, आणि तेही बोर्डाने दिलेल्या तारखेनंतरचं. तुमचा फॅमिली डॉक्टर एमडी असू दे नाहीतर अजून काही, त्याची सही चालत नाही. नियम बरोबरच आहे म्हणा, गुहा 3888 मीटरवर आहे, आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून उंच, तिथे हवेतला ऑक्सिजन खालच्यापेक्षा एक तृतीयांशाहून जास्त कमी मिळतो, कुणीही उठून जाऊ नये हे मान्य. आमच्या जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्याचं नाव यादीत होतं म्हणून मी खुश, म्हटलं रिक्षाने दहा मिनिटं.

सकाळी जाऊन केसपेपर काढला. खिडकीवरचा माणूस म्हणाला, अमरनाथवाले मागच्या बिल्डिंगमध्ये. मागच्या बिल्डिंगमध्ये म्हणाले साहेब राऊंडला गेलेत. राऊंड संपला तर साहेब मीटिंगला. दुसऱ्या खेपेला कळलं की यादीत ज्यांचं नाव आहे त्या डॉक्टरांची बदलीच झालीय, त्यांच्या जागी आलेल्यांची सही चालेल का हे तिथे कुणालाच माहीत नाही, पण दुसऱ्या एका डॉक्टरांचं नावही यादीत आहे आणि ते ठरावीक वारीच बसतात. त्या वारी गेलो तर ईसीजी काढून आणा म्हणे, आणि ईसीजीवाली बाई बारा वाजता खोली बंद करते. बाराला पाच कमी असताना दादाला जिन्यावरून अक्षरशः पळवलं, बीपीचा माणूस आहे तो, ईसीजीआधी पळवायचं नसतं हे मलाही कळतं पण काय करणार.

बरं, फॉर्म. दवाखान्याबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे अमरनाथचा फॉर्म म्हणून एक गठ्ठाच ठेवलेला आहे आणि तो मागच्या वर्षीचा आहे. रांगेत आमच्या पुढचा मुलगा तोच घेऊन उभा होता, खिडकीपर्यंत पोचल्यावर त्याला परत पाठवलं, चेहरा बघवत नव्हता. त्या वर्षीचा नमुना बोर्डाच्या साइटवरूनच घ्या, आपल्याला जे भरायचंय (आधीचे आजार, दम लागतो का वगैरे) ते घरी बसून नीट भरा, फोटो चिकटवून न्या, रक्तगटाचा रिपोर्ट सोबत असू द्या. सही झाल्यावर डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर आणि शिक्का दोन्ही आहेत ना ते तिथेच उभं राहून बघा. आमची सही झाली तेव्हा शिक्का ज्याच्याकडे असतो तो जेवायला गेला होता. तासभर बाकावर. वहिनी तर म्हणाली, बर्फानी बाबा भेटतील पण हा शिक्केवाला काही भेटायचा नाही.

पण खरा राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. एवढं सगळं झाल्यावर डॉक्टरांनी बीपी बघितलं, ईसीजीच्या कागदावर नजर टाकली आणि सही केली, मिनिटभरात तिघंही मोकळे. मी म्हटलं, सर, दादाला बीपीची गोळी चालू आहे, एवढ्या उंचीवर चालवेल का त्याला, अजून काही तपासायला हवं का? तर शेजारचा क्लार्कच म्हणाला, ताई सही मिळाली ना, मग कशाला खोलात जाता, लाखो लोक जातात. डॉक्टर हसले नुसते. म्हणजे ज्या कागदासाठी एवढ्या चकरा मारल्या तो तब्येतीबद्दल काहीच सांगत नव्हता. शेवटी आमच्या नेहमीच्या फिजिशियनकडे दादाची टूडी इको आणि स्ट्रेस टेस्ट केली, त्यांनी गोळ्यांच्या वेळा ठरवून दिल्या, उंचीवर डोकं दुखलं तर काय करायचं ते सांगितलं, डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) कुणी आणि किती घ्यायची तेही (सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, मनाने तर घेऊच नका). त्यांचा कागद कुठेच चालत नाही पण त्याच्याच भरवशावर आम्ही गेलो. तुमच्या घरात चाळिशीच्या पुढचं कुणी असेल किंवा बीपी, शुगर, दमा असेल तर तुम्हीही दोन्ही करा, एक यात्रेसाठी, एक स्वतःसाठी.

बँकेतलं रजिस्ट्रेशन आणि आरएफआयडी कार्ड (यात्रेकरूचं इलेक्ट्रॉनिक ओळखपत्र) यात सांगण्यासारखं काही नाही, आधार सोबत ठेवा, झालं. फक्त परवान्यावरची तारीख आणि मार्ग नंतर आपल्या मनाने बदलत नसतो, त्यामुळे तिकिटं त्याप्रमाणे काढा. वय 13 ते 70 मधलंच लागतं, शेजारच्या काकांना 72 मुळे नाहीच मिळालं.

तयारी म्हणाल तर महिनाभर आधीपासून रोज चार-पाच किलोमीटर चाला असं बोर्डच सांगतं, आम्ही दोन महिने आधी सुरू केलं आणि रविवारी पाठीवर सॅक घेऊन टेकडी. कळसूबाईही करून आलो. बूट तेच ठेवा जे या चालण्यात वापरलेत, नवे कोरे घालून जाणाऱ्यांचे फोड मी वाटेच्या सुरुवातीला, दोमेललाच बघितले. वहिनी साडी सोडायला तयार नव्हती, बोर्डाच्या सूचनांमध्येच साडी नको असं लिहिलंय ते दाखवलं तेव्हा पंजाबी ड्रेसवर आली, आणि वर पाऊस सुरू झाल्यावर स्वतःच म्हणाली बरं झालं.

पण नुसत्या फिटनेसवर जाऊ नका. उंची बाधते ती भरभर चढल्याने, तरण्याताठ्यालाही. म्हणून श्रीनगरहून थेट चढायला न लागता एक मुक्काम सोनमर्गला केला, भरपूर पाणी, थोडं थोडं सारखं खाणं, दारू-सिगारेट अजिबात नाही. पहाटे गेट उघडताच निघालो. वाटेतल्या बरारीच्या चढावर टीशर्टमधली पोरं आमच्या बाजूने धावत वर गेली आणि गुहेच्या अलीकडे संगमला त्यातलाच एक डोकं धरून उलट्या करत बसला होता, आम्ही म्हातारे टुकूटुकू पुढे. (आता सांगायला काय, भारी वाटलं.) त्याच्या मित्रांना आम्ही सांगितलं, वर नेऊ नका, खाली उतरवा, तेच औषध आहे. बसल्या जागी दम लागला, खोकला सुरू झाला, चालताना तोल जायला लागला तर दर्शन वगैरे सोडा आणि सरळ खाली. वाटेत मेडिकल कॅम्प आहेत, लाजू नका.

आम्ही आधीच ठरवलं होतं की दुपारी अमुक वाजेपर्यंत गुहा आली नाही तर तिथूनच मागे. आली, दर्शन झालं, डोळे भरून आले. उतरताना वहिनीच्या गुडघ्याने संप पुकारला म्हणून बरारीपासून तिला घोडा केला. काठी खालीच मिळते, घ्याच, चढण्यापेक्षा उतरताना लागते.

हवामानाचं राहिलंच. 8 जुलै 2022 ला गुहेजवळ अचानक पाण्याचा लोंढा आला आणि माणसं गेली, त्यामुळे पाऊस असेल आणि थांबवलं तर हुज्जत घालू नका, परतीच्या प्रवासात एक-दोन दिवस मोकळे ठेवा. खिशात नाव, पत्ता, सोबतच्या माणसाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. आणि हो, आपलं इकडचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं, नाहीतर तिथे गेल्यावर यात्रेकरूंसाठी मिळतं ते घ्या. वहिनीचं प्रीपेड होतं, तिचा फोन जम्मूपासून नुसता फोटो काढायला.