परदेशात पैसे कोणाच्या खिशात असावेत

परदेशी जायचे ठरले की विमानाची तिकिटे आणि व्हिसा यांच्या पाठोपाठ घरात तिसरा विषय निघतो तो पैशांचा: रोख किती न्यायची आणि कार्डावर किती ठेवायचे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आई-बाबांना घेऊन मी जपानला गेले, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे तयार होते, कारण त्याआधीचा माझा परदेश प्रवास स्टॉकहोमचा होता. कामानिमित्त मी तिथे आठ दिवस राहिले आणि पुण्याहून हौसेने नेलेल्या स्वीडिश क्रोनांपैकी एकही नोट मला खर्च करता आली नाही. शहराच्या बसमध्ये रोख घेत नाहीत, कॉफीच्या दुकानांच्या दारावर रोख स्वीकारत नसल्याची पाटी असते, आणि पाण्याच्या एका बाटलीसाठीही लोक कार्ड टेकवून पुढे जातात. परत आल्यावर त्याच नोटा विकताना मनी चेंजरच्या खरेदी-विक्रीच्या भावातला फरक मला सोसावा लागला. तेव्हापासून रोख नेण्याचे दिवस संपले असे मी धरून चालले होते. एका देशाच्या अनुभवावरून दुसऱ्या देशाबद्दल ठाम मत करून घेणे ही माझी पहिली चूक होती, आणि ती मला क्योतोच्या बसथांब्यावर कळली.

क्योतोमध्ये शहर बसला मागच्या दाराने चढतात आणि उतरताना पुढच्या दारापाशी, चालकाशेजारच्या पेटीत भाडे टाकतात. शहराच्या मुख्य भागात मोठ्या माणसाचे भाडे सरसकट २३० येन होते. पेटीत नेमकी तेवढीच नाणी टाकायची असतात. सुटे नसतील तर पेटीलाच जोडलेल्या यंत्रात १,००० येनची नोट घालून आधी मोड घ्यायची आणि मग त्यातले २३० येन मोजून टाकायचे. इकोका किंवा सुइका यांसारखे आधी पैसे भरलेले कार्ड टेकवले तरी चालते. पण ते कार्ड भरायचे तर स्थानकावरच्या यंत्रात बहुतेक ठिकाणी रोखच घालावी लागते.

तिसऱ्या दिवशी कियोमिझु मंदिराचा चढ चढून झाल्यावर आईचे गुडघे दुखू लागले. मला अजून तासभर थांबायचे होते. बाबा म्हणाले, "तू सावकाश ये. थेट बस आहे, आम्ही दोघे जातो हॉटेलवर." मी हो म्हटले आणि मग लक्षात आले की त्या दोघांकडे एक येनही नव्हता. परकीय चलन आधीच भरून ठेवलेले फॉरेक्स कार्ड माझ्या नावावर, क्रेडिट कार्ड माझ्या नावावर, आणि जी थोडीबहुत रोख होती ती माझ्या पर्समध्ये, तीही १०,००० च्या नोटांत, ज्या बसमधले मोडीचे यंत्र घेत नाही. शेवटी आम्ही तिघेही एकत्रच परतलो. बाबांनी चौतीस वर्षे हिशेबाच्या टेबलावर नोकरी केली आणि घराबाहेर पडताना त्यांच्या खिशात पैसे नाहीत असे मी कधी पाहिले नव्हते. त्या दिवशी ते काही बोलले नाहीत, पण मला स्वतःचा राग आला. ज्या माणसाने आयुष्यभर घरातल्या प्रत्येकाच्या हातात पैसे ठेवले, त्याला मी केवळ सोयीच्या नावाखाली बसभाड्यासाठी माझ्यावर अवलंबून ठेवले होते.

म्हणून रोख की कार्ड या वादात मी आता पहिला प्रश्न वेगळा विचारते. बरोबरच्या प्रत्येक माणसाला, माझी मदत न घेता, मुक्कामाच्या जागी परत येता येईल एवढे पैसे त्याच्या स्वतःच्या खिशात आहेत का? उरलेला हिशेब त्यानंतरचा. चौथ्या दिवसापासून रोज सकाळी मी आई आणि बाबा या दोघांकडे प्रत्येकी ५,००० येन देत असे, म्हणजे त्या वेळच्या भावाने जेमतेम पावणेतीन हजार रुपये, आणि तेही १,००० च्या नोटा व नाणी अशा रूपात. त्या रकमेचा खर्च किती झाला हे मी विचारत नसे. आईने त्यातून पोस्टकार्डे घेतली, बाबांनी यंत्रातून गरम कॉफीचे डबे घेतले, आणि सुवर्णमंदिर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या किंकाकु-जीची ५०० येनची तिकिटे त्यांनीच खिडकीशी जाऊन काढली. जपानमध्ये दुकानदार सहसा पैसे हातात घेत नाहीत. समोर एक छोटे तबक असते, त्यात नोट ठेवायची आणि मोडही त्यातूनच उचलायची. आईला ही पद्धत फार आवडली.

याच सुट्या पैशांत तिला ५ येनचे नाणे सापडले. पितळी रंगाचे, मध्ये भोक असलेले हे नाणे परदेशी माणसाला चटकन ओळखता येत नाही, कारण त्याच्यावर किंमत आकड्यात लिहिलेली नसते, फक्त जपानी लिपीत असते. आईने चष्मा वर करून ते डोळ्यांजवळ धरले आणि म्हणाली, "अगं, ही भाताची लोंबी आहे." खरोखरच त्या नाण्यावर भाताची लोंबी आहे, भोकाभोवती यंत्राचे दातेरी चाक आहे आणि खालच्या आडव्या रेषा पाण्याच्या आहेत, शेती, उद्योग आणि मासेमारी यांची ती खूण. कोकणात भातशेतीच्या घरी वाढलेल्या बाईला ती लोंबी ओळखायला कोणी सांगावे लागले नाही. ५ येनला जपानीत 'गो-एन' म्हणतात आणि ऋणानुबंध या अर्थाच्या शब्दाचा उच्चारही तसाच असल्यामुळे देवळातल्या दानपेटीत मुद्दाम हे नाणे टाकतात, असे कळल्यावर ती प्रत्येक देवळासाठी एकेक बाजूला काढून ठेवू लागली.

कार्डाचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. हॉटेल, लांबच्या रेल्वेचे तिकीट, मोठी खरेदी यांसाठी मी कार्डच वापरते, कारण एवढी रोख अंगावर बाळगणे धोक्याचे आहे आणि हरवलेली रोख परत मिळत नाही, तर हरवलेले कार्ड काही मिनिटांत बंद करता येते. हॉटेलात किंवा भाड्याची गाडी घेताना अनामत म्हणून काही रक्कम अडवून ठेवतात. ती क्रेडिट कार्डावर अडली तर बिघडत नाही, पण फॉरेक्स कार्डावर अडली तर आपलेच भरलेले पैसे कित्येक दिवस वापरता येत नाहीत. एटीएममधून पैसे काढायला मात्र क्रेडिट कार्ड कधीही वापरू नये, कारण त्यावर शुल्क तर लागतेच, शिवाय व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होते.

खर्चाचाही हिशेब करून पाहावा. बँकेने परकीय चलनातल्या व्यवहारावर साडेतीन टक्के अधिभार लावला, तर एक लाख रुपयांच्या खरेदीवर ३,५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ६३० रुपये, असे एकूण ४,१३० रुपये जास्तीचे जातात. फॉरेक्स कार्डात भाव आधीच ठरलेला असतो. मात्र जे चलन भरले आहे त्याच चलनात खर्च केला तरच त्याचा लाभ होतो. डॉलर भरून येन खर्च केले की पुन्हा रूपांतराचे शुल्क लागते.

आणि एक गोष्ट मी प्रत्येकाला कळकळीने सांगते. कार्ड लावल्यावर यंत्राच्या पडद्यावर कधीकधी रक्कम येनमध्ये आणि रुपयांत अशी दोन्ही दिसते आणि कशात भरणार असे विचारले जाते. रुपये पाहून बरे वाटते, परंतु तो रूपांतराचा भाव दुकानाचे कार्ड व्यवहार हाताळणाऱ्या कंपनीने ठरवलेला असतो आणि बहुधा आपल्याला महागच पडतो. शिवाय रुपयांत झालेल्या अशा व्यवहारावरही काही बँका वेगळे शुल्क घेतात. तिथे नेहमी त्या देशाचेच चलन निवडावे. ओसाकाच्या एका दुकानात विक्रेत्याने मला न विचारताच रुपयांचे बटण दाबले होते. मी पावती पाहून तो व्यवहार रद्द करायला लावला आणि येनमध्ये पुन्हा करून घेतला. मागे रांग होती, तरीही त्याने तो विनातक्रार केला.

कार्डावर विसंबताना माझी दुसरी चूक झाली ती एटीएमशी. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्डे केवळ देशांतर्गत वापरासाठी सुरू होऊन मिळतात आणि परदेशातला वापर आपण स्वतः सुरू करावा लागतो. मी दुकानातला वापर सुरू केला होता, एटीएमचा राहून गेला. परदेशी कार्डे घेणाऱ्या सेव्हन-इलेव्हनच्या एटीएमने माझे डेबिट कार्ड नाकारले तेव्हा मी बँकेचे ॲप उघडले. बदल करण्यासाठी ओटीपी हवा होता आणि तो ज्या सिमवर येणार ते पुण्याचे सिम, रोमिंग न घेता, हॉटेलातल्या बॅगेत पडून होते. त्या संध्याकाळी फॉरेक्स कार्डाने काम भागले. आता मी दोन वेगळ्या बँकांची कार्डे नेते, ती दोन वेगळ्या माणसांच्या बॅगांत ठेवते आणि भारतातले सिम फोनमध्ये चालू ठेवते.

सिंगापूर किंवा संयुक्त अरब अमिरातीत कित्येक दुकानांत यूपीआय चालते हे खरे आहे, पण तेही फोनवरच अवलंबून असते, आणि फोनची बॅटरी संपली की आपण पुन्हा त्याच बसथांब्यावर उभे राहतो.

रोख नेण्याला आपल्याकडे मर्यादा आहे. बहुतेक देशांसाठी एका प्रवासात ३,००० डॉलरच्या मूल्यापर्यंतच परकीय चलनाच्या नोटा मिळतात. बाकीची रक्कम कार्डावर घ्यावी लागते. आठवडाभराच्या कौटुंबिक प्रवासाला एवढ्या रोखीची गरजही पडत नाही. परत आल्यावर उरलेले चलन १८० दिवसांत बँकेला किंवा अधिकृत मनी चेंजरला विकायचे असते, मात्र २,००० डॉलरच्या मूल्यापर्यंतच्या नोटा जवळ ठेवण्याची मुभा आहे. नाणी मात्र इथे कोणी घेत नाही, म्हणून शेवटच्या दिवशी आम्ही ती विमानतळावरच्या दुकानात मोजून मोजून संपवली. १३,००० येनच्या नोटा उरल्या आहेत. त्या विकू नकोस, असे बाबांनी सांगितले आहे. त्यांनी त्या नोटांचे दोन भाग केले आणि एक आपल्या व एक आईच्या पासपोर्टच्या पाकिटात ठेवला.