तुम्ही विचारलंत म्हणून: मेरी प्रिन्सच्या पुस्तकानं काय झालं?

मेरी प्रिन्स म्हणजे वेस्ट इंडीजमधली गुलाम बाई, स्वतःच्या आयुष्याची कहाणी सांगून तिनं पुस्तक केलं. तिचं नाव काढलं की कोणीतरी विचारतंच, एका बाईच्या पुस्तकानं गुलामगिरी थोडीच संपते? दुसरा तयारच असतो, तिनं कुठे लिहिलंय, सुझाना स्ट्रिकलंडनं लिहून घेतलंय. हो बाबा, लंडनमध्ये बसून सांगितलं तिनं. मग काय, ते आयुष्य सुझानाचं झालं?

गुलामगिरी म्हटलं की आपल्याला फुले आणि अमेरिका आठवते, हे ब्रिटिश वेस्ट इंडीजचं प्रकरण. पुस्तक १८३१ चं, त्याच वर्षात तीन आवृत्त्या. काय नाही त्यात? विकायला न्यायच्या सकाळी आई नवे कपडे घालते आणि म्हणते, पोरींना कफन घालतेय मी. बाजारात लिलाववाला हात धरून रस्त्याच्या मधोमध नेतो, गोल फिरवतो, अनोळखी पुरुष वासरू चाचपावं तसं चाचपतात, बोली थांबते ५७ पौंडांवर. पुढे टर्क्स बेटावरची मिठागरं, पहाटे चारपासून गुडघाभर खाऱ्या पाण्यात, पायांना फोड.

आणि एवढं वाचून बर्मिंगहॅमच्या बायकांची संस्था विचारते, वळ खरंच आहेत का अंगावर? विरोधक नाही हं, गुलामगिरी बंद करा म्हणणाऱ्याच बायका! मग प्रिंगल, ज्यांनी पुस्तक छापलं, त्यांच्या बायकोनं २८ मार्च १८३१ ला उत्तर पाठवलं की मी स्वतः पाहिलंय, माझ्या बहिणीनं पाहिलंय, सुझानानं पाहिलंय, अख्खी पाठ चाबकाच्या व्रणांनी चौकटी-चौकटीची झालीये. ते पत्र तिसऱ्या आवृत्तीला जोडलं. म्हणजे बाईनं सगळं सांगून झाल्यावर तिला पाठ उघडी करायला लावली, आणि मग पटलं. मला याचा राग येतो, आणि पुरावा नसता तर पुस्तक खोटं ठरवायला लोक टपलेलेच होते हेही मला माहीत आहे.

कॉलेजात मी तावातावानं म्हणायचे, १८३१ च्या ख्रिसमसला जमैकात हजारो गुलाम उठले ते खरं कारण, पुस्तकबिस्तक दिवाणखान्यातलं. त्या पोरीला मी आजही खोडू शकत नाही. पण १८३३ मध्ये गुलामगिरी बंद करा म्हणून लाखावर बायकांच्या सह्यांचा अर्ज पार्लमेंटात गेला ना, त्या सह्या मागायला कोणाच्या दारात उभं राहिल्यावर सांगायला काहीतरी लागतंच की!

तिला स्वतःला काय मिळालं म्हणाल तर इंग्लंडात ती मोकळी होती पण अँटिग्वा बेटावर पाय ठेवला की परत तिच्या मालकाची, वुडची गुलाम, आणि नवरा डॅनियल तिकडे. वुडनं प्रिंगलवर बदनामीचा खटला लावला आणि जिंकला, अँटिग्वातले साक्षीदार लंडनला आणणार कोण? १८३३ ला गुलामगिरी बंद करायचा कायदा झाला, मालकांना २ कोटी पौंड भरपाई, गुलामांना छदाम नाही.

पुस्तकानं सह्या मिळवून दिल्या असं मी म्हणते. तुम्ही नाही म्हणा, भांडू आपण.